कॉव्हेंट्रीतला उझबेक तज्ज्ञ

उझबेकिस्तानच्या कारखानदारीचा तज्ज्ञ मी एका मंगळवारी सकाळी झालो. सोमवारपर्यंत मी कॉव्हेंट्रीतल्या लेथ बनवणाऱ्या कंपनीत, ड्रॉइंग बोर्डासमोर बसून स्क्रूची चित्रं काढणारा एक निरुपद्रवी माणूस होतो. सोव्हिएत युनियन नुकतंच मोडलं होतं, आणि त्यातून सुटलेल्या देशांना आता आपली मशिनं लागणार, असा साक्षात्कार आमच्या सेल्स डायरेक्टरला झाला होता. त्याने ऑफिसभर नजर फिरवली. गोरे नसलेले तिथे दोघंच, मी आणि फाइलींचं काळं कपाट. त्याने मला विचारलं, "तू त्याच बाजूचा ना?"

पुण्याहून ताश्कंद जितकं लांब, जवळजवळ तितकंच कॉव्हेंट्रीहून मॉस्को. त्या हिशेबाने डायरेक्टर रशियनच म्हणायला हवा. हे त्याला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "साधारण."

या 'साधारण'वर वर्कशॉपमधल्या माणसांची पोटं अवलंबून होती. तिथे आठवड्यातले तीनच दिवस काम चालायचं. नवी ऑर्डर आली नाही तर नाताळनंतर वर्कशॉप उघडणार नाही. असं नोटीस बोर्डावर कुठे लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. आयुष्य लेथवर घालवलेला फोरमन रोज माझ्याकडे येऊन विचारायचा, "काय प्रोफेसर, काय म्हणतायत तुझे उझबेक?"

मी कौन्सिलच्या लायब्ररीतून सोव्हिएत काळातलं एक जाडजूड पुस्तक आणलं. काय त्या देशाची प्रगती सांगावी. कापूस वेचायची मशिनं, ट्रॅक्टर, रेशीम, सगळे कारखाने ठरलेल्या उद्दिष्टाच्या पुढे धावत होते. एकाचंही बेअरिंग गेलं नव्हतं, एकही कामगार कधी आजारी पडला नव्हता. ते सगळं मी माझ्या भाषेत उतरवून काढलं आणि वर माझं नाव टाकलं.

रिपोर्टच्या शेवटी डायरेक्टरला 'स्थानिक चालीरीती' हे प्रकरण हवं होतं. पुस्तकात ते नव्हतं. मग मी आमच्या आईच्या चालीरीती लिहिल्या. पाहुण्याचा कप रिकामा दिसता कामा नये. चहा काठोकाठ भरावा. नको म्हटलं तरी ओतावा, पुन्हा नको म्हटलं तर पाहुणा लाजतोय असं समजून आणखी ओतावा. आशिया म्हणजे शेवटी आशियाच.

बायकोने रिपोर्ट वाचला. "अहो, तुम्ही कधी गेला होतात तिकडे?"

"विमान वरून गेलं होतं."

"खिडकीतून चहा दिसला वाटतं."

महिन्याभराने पाहुणे आले. कापूस वेचायच्या मशिनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मुख्य इंजिनियर बाई, करड्या कोटातल्या, पन्नाशीच्या, आणि सोबत एक तरुण दुभाषा. मी उभा राहून त्यांच्याच देशाच्या कारखानदारीवर त्यांना वीस मिनिटं व्याख्यान दिलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दुभाष्यामार्फत सांगितलं की मी कौतुक केलेल्या पहिल्या कारखान्याचे लेथ सुट्या भागांअभावी उभे आहेत, दुसरा त्यांचाच आहे आणि त्याचंही तेच झालंय, आणि तिसरा त्यांनी कधी ऐकलेला नाही.

एवढ्यात चहा आला. कॅन्टीनच्या बाईंना मी स्वतः शिकवून ठेवलं होतं. त्यांनी कप असा भरला की उचलताना बशीत सांडावा. इंजिनियर बाईंनी कपाकडे पाहिलं आणि फाइल मिटली. डायरेक्टर नव्या कॉम्प्युटरवाल्या लेथबद्दल बोलत राहिला. बाईंनी कसाबसा चहा संपवला. कॅन्टीनच्या बाईंनी तत्परतेने पुन्हा काठोकाठ भरला. इंजिनियर बाईंनी पेनाला टोपण लावलं. तिसऱ्यांदा भरला तेव्हा त्या उठल्या, छातीवर हात ठेवून वाकल्या आणि दुभाष्याला घेऊन बाहेर गेल्या.

"काय झालं?" डायरेक्टरने विचारलं.

"त्यांच्याकडे असंच असतं," तज्ज्ञ म्हणाला. "विचार करायला बाहेर जातात."

मी धावत कार पार्कमध्ये गेलो. दोघं टॅक्सीची वाट बघत उभे होते. दुभाषा गोरामोरा झाला होता. "आमच्याकडे चहा थोडाच ओततात," तो म्हणाला, "म्हणजे यजमानाला पुन्हा पुन्हा ओतायला मिळतं. काठोकाठ भरला तर अर्थ असा, की प्या आणि निघा. तुम्ही तीनदा भरलात. मशिनं विकायचीच नव्हती तर बोलावलंत कशाला?"

कॅन्टीनच्या बाईंवर ढकलावं असं माझ्या मनात आलं. नाही कशाला म्हणू, वाक्यही तयार होतं. पण समोर वर्कशॉपच्या दारात फोरमन हात पुसत उभा होता आणि माझ्याकडेच बघत होता. मग मी सांगून टाकलं: मी पुण्याचा, ताश्कंद फक्त नकाशात पाहिलंय, आणि चहाची रीत माझ्या आईची आहे.

दुभाष्याने त्याचं लांबलचक भाषांतर केलं. बाईंनी विचारलं, "रिपोर्टसुद्धा आईनेच लिहिला का?"

"नाही, तो मी."

"वाटलंच. लेथ तरी खरे आहेत?"

"ते खरे आहेत."

"मग ते दाखवा."

वर्कशॉपमध्ये बाई त्या कॉम्प्युटरवाल्या नव्या लेथपाशी क्षणभर थांबल्या. यातलं एक सर्किट गेलं तर आम्ही ते कुठून आणायचं, एवढंच विचारून पुढे गेल्या, थेट भिंतीकडे. तिथे ताडपत्रीखाली सहा जुने लेथ भंगाराच्या गाडीची वाट बघत होते. लोक त्यावर बसून सँडविच खायचे. बाईंनी बाह्या सारल्या, चाक फिरवून पाहिलं, लेथच्या बेडवरून बोट फिरवलं आणि फोरमनकडे बघून भुवई उडवली. पुढचा तासभर दुभाष्याला काही काम राहिलं नाही. दोघं फरशीवर खडूने बोलत होते.

त्यांना तेच सहा हवे होते, पुरते दुरुस्त करून. आणि सोबत प्रत्येक भागाचं ड्रॉइंग, म्हणजे मोडलं तर तिकडेच बनवता येईल. डायरेक्टरने नव्या मशिनचं कॅटलॉग आणखी एकदा पुढे केलं. बाईंनी ते दुभाष्याकडे दिलं.

नाताळनंतर वर्कशॉप उघडलं, तेही पाच दिवस. मी ड्रॉइंग बोर्डावर परतलो आणि एकेक गिअर, एकेक नट मोजून काढत बसलो. फोरमन प्रत्येक कागद भिंगाखाली तपासायचा. उन्हाळ्यात सहा खोकी साउथहॅम्प्टनला गेली.

त्यानंतर त्या कारखान्याकडून सुट्या भागांची एकही ऑर्डर आली नाही. "बंद पडली असतील मशिनं," डायरेक्टर म्हणाला. फोरमनने माझ्याकडे पाहिलं. "बंद पडली असती तर ऑर्डर आली असती," तो म्हणाला, आणि पुढचं काम लेथच्या चकमध्ये बसवायला वळला.