सासऱ्यांचं पाणी, जावयाची भट्टी

सुरीच्या पात्याला पाणी द्यावं ते सासरेबुवांनीच, असं सगळा बाजार म्हणायचा. बाजार विसरला तर ते स्वतः आठवण करून द्यायचे. पातं लालबुंद तापवून तेलात बुडवलं की काचेसारखं कडक होतं. मग ते मंद आचेवर धरायचं आणि वाळक्या गवताचा पिवळा रंग चढला की काढायचं. लवकर काढलं तर धारेचे तुकडे उडतात, उशीर झाला तर पातं मऊ पडतं. सासरेबुवा हे नुसत्या नजरेनं ओळखत. भट्टीला तापमानाचा काटा लावा म्हटलं की त्यांना मिरच्या झोंबत.

शेजारीच जावयानं सासऱ्यांच्याच पात्यांवर गंजरोधक काळा थर चढवायचा कारखाना टाकला. थर पक्का व्हायला पाती भट्टीत भाजावी लागत. झालं! सासरेबुवांनी डंका पिटायला सुरुवात केली. "पाणी दिलेलं पातं परत भाजतो म्हणे. त्यात राहिलं काय? रंगाऱ्याच्या हाती सुऱ्या दिल्या."

जावयाची गिऱ्हाइकं गळू लागली. लेक काकुळतीला आली. "बाबा, घरात काय बोलायचं ते बोला. बाजारात नको. त्यांचा कारखाना बसेल." सासरेबुवा म्हणाले, "बसू दे."

आता गंमत बघा. धार तुटून परत येत त्या सगळ्या चकचकीत, बिनथराच्या सुऱ्या. काळी एकही येत नसे. सासरेबुवांनी खापर गिऱ्हाइकांवर फोडलं: लोकांना मेली सुरी धरायची अक्कल नाही.

शेवटी बायकोनं हट्टाला पेटून त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढवला. भट्टीवर परतल्यावर त्यांनी एक कोरं, थंडगार पातं हातात घेतलं. पांढरंशुभ्र. सहज उजवा डोळा झाकला, तर मोतीबिंदूच्या डाव्या डोळ्याला तेच पातं पिवळं दिसलं, आच न लागताच. त्यांनी पुन्हा पुन्हा डोळे झाकून पाहिलं. म्हणजे इतकी वर्षं ते पाती कच्चीच काढत होते.

तसेच ते जावयाकडे गेले. "तुझी भट्टी किती तापते?"

"थराला लागते त्याहून जरा जास्त. मुद्दामच ठेवलीय. तुमची पाती कडक यायची, ती इथे पुन्हा तापून नेमकी होतात."

"आणि मला बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही काम सोडलं असतं, बाबा. मग घरात बसून काय केलं असतं?"

 सासरेबुवांना लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात त्यांना शोधत खाटीक आला. त्याला नवी सुरी हवी होती, चकचकीतच.

"काळी घे," सासरेबुवा म्हणाले.

"काळीतलं पाणी जातं ना?"

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच की, मामा."

सासरेबुवांनी जावयाकडे पाहिलं. तो पाती टांगत होता, काही ऐकलंच नसल्यासारखा. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मला रंग दिसत नव्हता. पाणी माझंच कच्चं होतं, ह्यानं ते सांभाळलं. बाजारात सांग सगळ्यांना."

खाटीक मनापासून हसला. "लेकीच्या संसारासाठी माणसाला काय काय बोलावं लागतं," म्हणाला, आणि चकचकीत सुरी घेऊन गेला.