बुळकांडीच्या साथीतले दोन तालुके

लसीभोवतीचा बर्फ वितळत होता आणि बैल सापडत नव्हते. मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात मी उभा होतो. गोठे रिकामे, दावणी रिकाम्या. गुरं लोकांनी रानात नेऊन लपवली होती.

मी सरकारी व्हेटर्नरी डॉक्टर. लोकांच्या तोंडी ढोरडॉक्टर. लढाईचे दिवस होते. खात्यातले बरेच जण घोडी-खेचरं सांभाळायला लष्करात गेले आणि शहापूरबरोबर मुरबाड तालुकाही माझ्याच गळ्यात आला. त्यातच बुळकांडी आली. हा गुरांचा साथीचा रोग. आधी ताप, मग तोंडात फोड, मग हगवण, आणि आठवडाभरात जनावर आडवं. औषध नव्हतं. निरोगी जनावराला आधीच टोचून ठेवायचं, एवढाच उपाय. लस कल्याणहून बर्फात यायची. एकदा मिठाच्या पाण्यात कालवली की त्याच दिवशी संपवायची, नाहीतर फेकायची.

त्या दिवशी मी बरीचशी फेकली.

लोकांच्या भीतीला कारण होतं. काही जनावरांच्या अंगात रोग आधीच शिरलेला असे. ती टोचल्यानंतरही मरत, आणि दोष सुईवर येई. म्हणून मी पायी, पाड्यापाड्यातून गुरांच्या मागे फिरत होतो. मुरबाडला पोचावं तर खर्डीहून बोलावणं. खर्डी गाठावी तर कसाऱ्याकडे गुरं मेलेली. अंगात हिवताप मुरला होता. शहापूरला घरी गेलो की बायको म्हणे, "पाहुणे, या वेळी जेवूनच जा." मुंबईच्या एका तबेल्यात मेहुण्याने माझ्यासाठी शब्द टाकला होता. मी ठाण्याला साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, मी राजीनामा देणार."

"तुमच्या जागी पाठवायला माझ्याकडे माणूस नाही."

"ठाऊक आहे, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकलेलेच होते. "पुढची लस निघाली आहे. तेवढी टोचा. मग मी अडवणार नाही."

मी कबूल झालो. लस येतेय हा सांगावा द्यायला, गुरं लपवलेल्या त्याच गावी आधी गेलो. तिथे चांगुणाबाई नावाच्या विधवा बाई होत्या. त्यांचा एक बैल बुळकांडीने गेला होता. दुसरा, मी टोचलेला, अंगणात रवंथ करत होता.

"डाक्तर, तोंड कशानं सुकलंय?"

"मावशी, ही माझी शेवटची खेप. नोकरी सोडतोय."

"मंग आमच्या ढोरांना कोन टोचील?"

"कुणी नाही."

"लोकांनी ढोरं आनली तर टोचाल?"

"टोचीन. पण आजारी जनावर आणायचं नाही. आणि एका पाड्याची गुरं दुसऱ्यांत मिसळू द्यायची नाहीत, रोग तिथेच पसरेल."

"टोचल्यावर एकादं मेलं तर?"

"मरेल. ज्याच्या अंगात रोग आधीच आहे, त्याला ही सुई वाचवत नाही. तेही सांगा."

"खरं बोललात ते बरं केलंत. तसंच सांगते." त्यांनी पदर खोचला आणि डोंगराची वाट धरली.

लस आली. फार तर चार गोठे जमतील, या हिशोबाने मी सकाळी गावच्या टेकाडावर चढलो आणि जागीच थांबलो.

खाली डोंगरापर्यंत भाताची खाचरं पसरलेली, पेरणीआधी पालापाचोळ्याचा राब भाजून काळी पडलेली. एकेका खाचरात एकेका पाड्याची गुरं उभी होती. दोन कळपांच्या मध्ये एक खाचर रिकामं. बांधांवर माणसं बसलेली. डोंगरावरून आणखी गुरं उतरत होती, त्यांच्या मागे धूळ. लाकडी घंटांचा एकच दबका नाद साऱ्या शिवारात भरला होता. मी गुरांचे बाजार पाहिले होते. तिथे आरडाओरडा असतो. इथे एवढे जीव जमलेले, आणि कुणी मोठ्याने बोलतही नव्हतं. सगळे माझी वाट पाहत होते. हातातली पेटी जड झाली.

"मावशी, हे सगळं तुम्ही केलंत?" मी खाली उतरून चांगुणाबाईंना विचारलं.

"मी चार पाड्यांना सांगितलं. त्यांनी फुडं सांगितलं. आता उबे काय ऱ्हायलात? टोचा!"

गडी शिंगं धरत होते. टोचलेल्याला कुणी गेरूचा ठिपका लावी. मी फक्त सुई मारत पुढे सरकत होतो. एक म्हातारा बैलाच्या कानाशी लागून म्हणाला, "थांब रे सोन्या, झालंच." बैल थांबला. टोचून झालेला कळप वेगळ्या वाटेने निघून जाई. उन्हं कलायच्या आत लस संपली. एक थेंब वाया गेला नाही.

पुढच्या दिवसांत त्यातली काही गुरं मेलीच. तक्रार घेऊन मात्र कुणी आलं नाही. पाऊस पडल्यावर त्या खोऱ्यात घरच्याच बैलांवर नांगर चालले.

मी ठाण्याला गेलो.

"राजीनामा आणलात?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब. पण एक तालुका काढून घ्या."

"माणूस मिळाला की काढतो."

माणूस लढाई संपल्यावर मिळाला. तोवर दोन्ही तालुके माझेच होते आणि काम रतीभरही कमी झालं नाही. गुरांमागे धावणं मात्र मी बंद केलं. आधी गावात बसायचं, सुई काय करते आणि काय करत नाही ते सांगायचं, मगच लस मागवायची. पूर्वी मला वाटे, एवढं बोलत बसायला वेळ कुणाला आहे!