हिरव्या टोकाचं फायबर

कंपनीच्या प्रयोगशाळेत काकांचे हात बावीस वर्षं एकच काम करत होते. लेसरचा उजेड केसाएवढ्या काचेच्या तंतूत, म्हणजे फायबरमध्ये घालायचा. हा उजेड पुढे आपटून माघारी आला आणि लेसरमध्ये शिरला, की लेसर बिथरतो. म्हणून काका कायम हिरव्या टोकाचं फायबर लावत. ते टोक तिरकं घासलेलं असतं, परतणारा उजेड बाजूला सांडतो. निळं टोक सरळ, उजेड आल्या वाटेनं परत पाठवणारं. ते खणाच्या तळाशी पडून असे.

गिऱ्हाइकासाठी बनवलेल्या नव्या चिपचं सगळं उलटं होतं. चिपवरच एक अडसर होता, उजेडाला जाऊ देणारा, परत येऊ न देणारा. तो खरंच अडवतो का, हे बघायला उजेड मुद्दाम माघारी पाठवायचा होता. म्हणजे फायबरच्या शेवटाला निळं टोक हवं.

चाचणीत लेसर ढिम्म हलला नाही. पडद्यावर एकच रेघ, सुईसारखी.

"काका, जिंकलो!" संशोधक मुलगी ओरडली. फायबर चिमट्यात कसं धरायचं, श्वास कधी रोखायचा, हे तिला काकांनीच शिकवलं होतं. एकटे असताना ते तिला पोरी म्हणत, साहेबांसमोर मॅडम.

अहवाल गेला. गिऱ्हाईक खूश झालं.

तीन आठवड्यांनी टेबल आवरताना काकांची नजर शेवटच्या टोकावर गेली. हिरवं. हातांनी सवयीनं लावलेलं. उजेड परत आलाच नव्हता, मग अडवणार काय? त्यांनी निळं लावून पाहिलं. पडद्यावरच्या सुईचं गवत झालं; लेसर बिथरला, अडसर काही अडवत नव्हता.

"पोरी, घोटाळा झालाय."

तिनं पडदा पाहिला. "कोणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग राहू द्या ना, काका. पुढच्या चिपमध्ये सुधारू."

"आणि ही चिप लावलेले लेसर?"

तिनं पडदा बंद केला. काका साहेबांकडे गेले.

"फायबर कोणी लावलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"झालं तर मग."

चाचणीच्या कागदावर दोन सह्या लागत. लावणाऱ्याची आणि टोक तपासणाऱ्याची. दुसरी सही तिची होती. तपासणं माझं काम होतं, ते राहिलं, एवढं तिनं कबूल केलं असतं, तर चूक दोघांची ठरली असती आणि समज देऊन भागलं असतं. काकांची नोकरी त्या एका वाक्यावर होती. ते वाक्य तिनं आपणहून बोलावं म्हणून चौकशीत काका गप्प बसले.

"मॅडम, टोक तपासलं होतंत?" साहेबांनी तिला विचारलं.

तिनं काकांकडे पाहिलं नाही. "काकांनी लावलं म्हटल्यावर काय तपासायचं, सर? डोळे मिटून विश्वास होता माझा."

साहेबांनी मान डोलावली. तिची सही त्यांच्या समोरच होती. त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

काकांना पत्र मिळालं. कारण, निष्काळजीपणा. सोमवारपासून येऊ नये.

घरी बायको दारातच उभी होती. "त्या पोरीनं तरी घेतली का तुमची बाजू?"

काका बूट काढायला बसले. नाडीची गाठ सुटेना.

"म्हणाली, डोळे मिटून विश्वास होता माझ्यावर."

"चला, तेवढं तरी बोलली," बायको म्हणाली. "गुणाची आहे हो पोर."

काकांनी दुसरा बूट काढला.