चार नंबरची बाटली

मोताळ्याहून फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. "मॅडम, वामनभाऊ गेले..." एवढंच ऐकलं आणि लाल पेन हातातच राहिलं. त्याला आता महिना होईल. वामनभाऊ आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर. डिग्री माझ्याकडे होती, शिकवायचे ते. पुस्तकातल्या विरल आणि संहत आम्लांना ते चहासारखं 'पातळ' आणि 'कडक' म्हणत. क्षार ओळखताना मुलं घाई करायची, थेट कडक आम्ल ओतायची आणि तपकिरी धूर दिसला की 'ब्रोमाइड' लिहून मोकळी व्हायची. मग वामनभाऊ मागून येत. "काऊन बे, आधी पातळ टाकून पाह्यलं का? नायट्राइट असलं तं पातळातच धूर सोडते. ब्रोमाइडले कडकच लागते." परीक्षेत मात्र तोंडाला कुलूप. सख्खा भाचा समोर रडवेला झाला, तरी त्यांनी एक शब्द काढला नव्हता.

माझं नोकरीचं पहिलंच वर्ष. प्रात्यक्षिक परीक्षेत एका मुलीनं चार नंबरच्या क्षाराला नायट्राइट लिहिलं. परीक्षकांकडच्या यादीत होतं ब्रोमाइड. बाहेरून आलेले परीक्षक शून्य द्यायला निघाले. "सर, पातळातच धूर निघाला हो," मुलगी रडत म्हणाली. परीक्षक नुसते हसले. तेव्हा वामनभाऊंनी त्याच बाटलीतला चिमूटभर क्षार परीक्षानळीत घेतला आणि पातळ आम्ल ओतलं. नळी गरम करायच्या आधीच तपकिरी धूर! "पोरीचं बरोबर हाये, सर. बाटली मीच चुकीची भरली."

मुलीचे गुण वाचले. प्राचार्यांनी वामनभाऊंकडून लेखी खुलासा घेतला. खरं म्हणजे त्यांनी माझ्या चिठ्ठीबरहुकूम बाटल्या बरोबर भरल्या होत्या. परीक्षकांसाठी यादी उतरवताना चार आणि सात नंबर मीच उलटे लिहिले होते. ते मला तिथल्या तिथे कळलं, आणि मी मूग गिळून गप्प बसले. संध्याकाळी कसंबसं पुटपुटले, तर म्हणाले, "राहू द्या, मॅडम. नव्या माणसाचं नाव लवकर खराब होते. माह्यं जुनं हाये." मी राहू दिलं. ते निवृत्त झाले तरी राहू दिलं... याची मला लाज वाटते.

परवा त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांच्या पत्नी, काकू, सांगत होत्या, "पुरी नोकरी चोख केली त्याईनं. एकच डाव बाटली चुकली म्हनत. तेवढं मनातून गेलं नाई त्याईच्या." मग मात्र मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. काकू रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं:

"म्हंजे, एकदाबी नाई चुकले?"

"नाही, काकू. एकदाही नाही."

त्यांनी पदरानं डोळे पुसले, आतून सुनेला हाक मारली आणि मला म्हणाल्या, "मॅडम, आता हिच्यासमोर सांगा."