गोड बंद

मंजुश्री लग्न होऊन वडगावात आली तवा आमची गल्ली म्हणायची, यमनाप्पानं मुकी बायको आणली. मीबी म्हणायची, खोटं कशाला बोलू? माझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून. दोन्हीकडं दिवसभर माग खडखडत असतात, त्यात माणसाला वरडूनच बोलावं लागतंय. ही कोगनोळीची पोर मात्र ओठातल्या ओठात बोलायची. सासू अंबूबाई काय बी म्हणू दे, हिचं आपलं "व्हय आत्ती".

अंबूबाई म्हणजे साधी बाई न्हवं. नवरा गेल्यावर हातमागावर साड्या विणून तिनं एकटीनं यमनाप्पाला वाढवलं. गल्लीत तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती न्हवती, माझीबी न्हाय. यमनाप्पाच्या आधी तिला एक लेक व्हती, मंगल. तिसऱ्या वर्सात गेली. पोट घागरीवानी, हातपायाच्या काटक्या. जंतानं गेली, असं सगळीच म्हणायची. त्या घरात आधीपास्नंच एक कायदा व्हता, मंगल गेल्यावर तो आणखी घट्ट झाला: गोडानं जंत व्हत्यात, पोरांस्नी गोड बंद. तिचं ऐकून गल्लीतल्या बऱ्याच घरांनीबी तोच धरला.

आणि मंजुश्रीचा शिवराज अगदी मंगलच्याच वाटंला लागला. दोन वर्सं उलटली तरी भिंतीला धरून चालायचा. पोट पुढं, केस भुरे, तोंडावर कळा म्हणून न्हाय. घरात आता पावरलूम आलाय, पण जुन्या हातमागाचा खड्डा तसाच हाय. पूर्वी अंबूबाई त्यात पाय सोडून विणायला बसायची. हे पोरगं त्या खड्ड्याच्या काठावर बसून ओली माती उकरायचं नि खायचं. अंबूबाई माती काढून घ्यायची, दोन धपाटे घालायची, नि आपला कायदा आणखी आवळायची. गूळ बंद. केळं बंद. अंगणवाडीतनं शेंगदाण्याची चिक्की आली की ती वरच्या फळीवर. दुधात साखर पडायची न्हाय, नि बिनसाखरेचं दूध पोरगं थुकून टाकायचं. मग उरलं काय? भाताची पेज नि कडुलिंबाचा रस. अहो, लिंब पिऊन कुणाच्या पोराला बाळसं आलंय का? माझा जीव तुटायचा, पण बोलायची हिंमत न्हवती. यमनाप्पा तर आईसमोर कायम पायाच्या अंगठ्याकडं बघत उभा.

नागपंचमीला आठवडा असताना मंजुश्री कुणाला न सांगता पोराला घिऊन सरकारी दवाखान्यात गेली. मागाच्या कांड्यांवर सूत भरता भरता उठली नि गेली! परत आली ती आधी माझ्या दारात. कमरंवर पोरगं, डोळं लाल.

"गुणाआक्का, डॉक्टरीणबाई लई रागवल्या," म्हणाली. "म्हणाल्या, जंताची अंडी मातीत असत्यात. पोरं गटारीवर बसत्यात, तीच घाण मातीत जाती, मातीतनं बोटाला लागती, बोटातनं पोटात. आत जंत वाढलं की पोराच्या घासात वाटा मागत्यात, भूक मारत्यात. पोरगं वाळतं. नि वाळलेल्या पोराच्या अंगात झुंजायची ताकद न्हाय, मग जंत आणखीनच पाय पसरत्यात. म्हणाल्या, गोळी देते, पण नुसत्या गोळीनं भागायचं न्हाय. हात धुवा, चप्पल घाला, सहा महिन्यांनी परत गोळी. नि पोटाला घाला त्याच्या! अंडं, डाळ, केळं, शेंगदाणं, गूळ."

"गोळी कुठं हाय?" मी इचारलं.

"तिथंच कुस्करून चारली."

शाब्बास गं माझे वाघिणी! घरी आणली असती तर ती चिक्कीशेजारी फळीवर जाऊन बसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराच्या पोटातनं जंत पडले. अंबूबाईनं बघितलं नि अशी बोंब ठोकली की चार घरांचे माग बंद पडले. "चोरून गूळ चारलास गं बये! माझ्या नातवाला खायला उठलीस व्हय?"

"गोळी चारली आत्ती, म्हणून पडले," मंजुश्री म्हणाली. पण ऐकतंय कोण? यंदा आपल्या घरात पंचमीचे लाडू वळायचे न्हाईत, असा अंबूबाईनं हुकूम काढला.

आता वडगावात पंचमीला लाडू न्हाईत म्हणजे काय? दिवाळीला दिवा न्हाय म्हटल्यासारखंच की. भाजल्या पिठाच्या तंबिटाचे, तिळाचे, शेंगदाण्याचे, घरोघर परातीच्या पराती भरत्यात, नि ह्या घरातनं त्या घरात ताटं फिरत्यात. माझं ताट मी अंबूबाईच्या दारात नेलं. मुद्दामच नेलं, तेवढं तरी माझ्या हातात व्हतं. झोपाळ्याला निघालेल्या बाया गल्लीत उभ्या व्हत्या. मंजुश्रीनं ताटातला शेंगदाण्याचा लाडू उचलला, सगळ्यांच्या देखत उंबऱ्यात बसकण मारली नि शिवराजला मांडीवर घेतलं.

पोरानं एक घास खाल्ला. डोळं असं मोठ्ठं केलं की मला रडू फुटलं. तेवढ्यात अंबूबाई आतनं आली नि पोराच्या हातातला लाडू हिसकला.

पोरगं खाली वाकलं नि सांडलेला भुगा मातीतनं वेचून तोंडात घालायला लागलं. मंजुश्रीनं त्याचा हात धरला. उठून उभी ऱ्हायली. नि त्या मुकीचा आवाज आमच्या गल्लीनं पहिल्यांदा ऐकला.

"गोडानं जंत व्हत न्हाईत, आत्ती. जंत माझ्या पोराच्या तोंडचं खात्यात, नि उरलेलं तुम्ही काढून घेतायसा. आता एकच सांगा मला. मंगलला तुम्ही गोड देत हुता?"

मंगलचं नाव त्या घरात कुणी काढत न्हवतं.

"जीभ झडंल तुझी!" अंबूबाई वरडली. "कणभर दिलं न्हाय मी. जत्रंतला बत्तासासुद्धा न्हाय. शेवटाला गूळ गूळ करत व्हती, तरी बोट चाटू दिलं न्हाय!"

"मग तिला जंत कशानं झालं, आत्ती?"

अंबूबाईनं हातातल्या लाडवाकडं बघितलं. मग खड्ड्याकडं बघितलं. मंगलला काठावर बसवून ती त्याच खड्ड्यात पाय सोडून विणायची, आम्ही जुन्या बायांनी बघितलं व्हतं. मला वाटलं, आता ही सुनेचं थोबाड फोडती, न्हायतर स्वतःचं कपाळ.

म्हातारी आत गेली. तांब्या नि साबण घिऊन आली. उंबऱ्यात बसून शिवराजचा एकेक हात चोळून धुतला, नखातली माती काढली, पदरानं हात कोरडे केले. डोळ्यांतनं पाणी व्हात व्हतं, ते पुसलं न्हाय. ताटातला नवा लाडू उचलून तिनं पोराच्या मुठीत दिला.

"खा रं. माझ्यासमोर खा." मग मान न वळवता मागं दारात उभ्या लेकाला म्हणाली, "यमनाप्पा, उद्या त्यो खड्डा बुजव."

पोरगं खात व्हतं. आम्ही बाया पुतळ्यासारख्या उभ्या. अंबूबाईनं मान वर केली नि आमच्यावरच वरडली, "बघत काय ऱ्हायलायसा गं? तुमच्याबी घरात गोड बंद हाय की! जावा, हात धुवा पोरांचे, नि घाला त्यांच्या पोटाला!"