भट्टीला लाकूड कोणी घातलं

एका जागी बसणं मला कधीच जमलं नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे, आणि ते ती काही कौतुकाने म्हणत नसे. मॅट्रिक झाले आणि घरी बसले. हे 'घरी बसणं' ज्याने शोधून काढलं त्याला आठवडाभर आमच्या माजघरात कोंडायला हवं होतं. सकाळी तांदूळ निवडायचे, दुपारी रुमालावर फुलं काढायची, संध्याकाळी वेणीफणी करून स्थळाची वाट बघायची. वडील कलेक्टर कचेरीतून घरी आले की दिवस संपला. मला वाटायचं, असंच चाललं तर एक दिवस मी चालत सुटेन आणि घोडबंदर आलं तरी थांबणार नाही.

तेवढ्यात टेंभी नाक्याजवळच्या महिला मंडळाने मातीकामाचा वर्ग काढला. येत असेल तिने यावं, येत नसेल तिनेही यावं, असं घरोघर सांगितलं. शिकवायला एक बाई सरकारकडून आल्या होत्या. खादीचं लुगडं, आखूड नखं, बोलणं मोजकं. वडील म्हणाले, आई बरोबर जात असेल तर जा. आईला मातीत हात घालायची मुळीच हौस नव्हती, पण माझ्या येरझारा बघून तीच वैतागलेली. ती आली.

वर्ग मंडळाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. वकिलांच्या बायका होत्या, मिठागरं असलेल्या घरची एक सून होती, दम्याने बेजार झालेली आमच्या शेजारची मावशी होती. ती म्हणायची, मी आपली चार बायकांत वेळ जावा म्हणून येते. खाडीकाठची माती खारट, म्हणून बाईंनी ती घेतली नाही. शहाडकडून, उल्हास नदीच्या काठावरून बैलगाडीने माती आणवली. ती भिजवायची, तुडवायची, खडे वेचायचे, आणि मग कुठे मातीच्या दोरीसारख्या वळ्या करून भांडं चढवायचं. मला चाकावर बसायची घाई. बाई म्हणायच्या, आधी मळ. आई हसून म्हणायची, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तिची तुळशीची कुंडी सावकाश, वळीवर वळी, चढत होती आणि माझं तिसरं मडकं बसकण मारत होतं.

पण हळूहळू मला जमायला लागलं. चाक फिरत असलं की माझ्या आतलं ते फिरणारं काहीतरी गप्प व्हायचं, एवढंच मला सांगता येईल.

एक दिवस बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, शहाडजवळ निर्वासितांच्या कॅम्पात बायकांसाठी असाच वर्ग सुरू होतोय, तिथे त्यांना एक मदतनीस हवी. रोजचं जाणं-येणं, पगार थोडा, काम अंगमेहनतीचं. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी नाव सुचवायचं आणि बाईंनी घ्यायचं. "आधी आपली भट्टी लागू दे," बाई म्हणाल्या, "धगीपुढे कोण टिकतं ते मला बघायचंय." मी तिथल्या तिथे ठरवलं, ही जागा माझी. त्या दिवसापासून मला धड जेवण जाईना. रोज घर सोडून कुठेतरी जायचं, आपलं म्हणून काही काम असायचं, याची मला अक्षरशः भूक लागली होती. वडिलांना मी खनपटीला बसून विचारलं. ते म्हणाले, मंडळ पाठवत असेल तर माझी ना नाही.

भट्टीचा दिवस ठरला. आणि नेमका त्या दिवशी पहाटे मला कावळा शिवला.

आजच्या मुलींना सांगायला हवं. आमच्याकडे त्या दिवसांत बाईने बाहेर बसायचं. मागच्या दाराशी एक कोपरा होता, तिथे घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. कुणाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी न्हायचं आणि मग घरात यायचं. आईच्या कडकपणाबद्दल तर गल्लीत ख्याती होती. ती बसली की स्वयंपाक माझ्याकडे, आणि मी बसले की मी नुसती भिंतीकडे बघत बसायची. त्यात भट्टीचं काम म्हणजे आणखीच. अध्यक्षीणबाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं, कुणी बाहेरची असेल तर तिने शेडकडे फिरकू नये, तिची सावली पडली तरी भांडी तडकतात, हे कुंभारवाड्यातसुद्धा पाळतात.

मी न्हाणीघरात उभी होते आणि रागाने माझे कान तापले होते. महिन्यातले इतके दिवस पडलेत आणि आजच? मी कुणाला काही बोलले नाही. साडी नीट नेसले, पदर खोचला आणि आईच्या पुढे चालायला लागले. ती मागून म्हणत होती, अगं, भट्टी काही पळून जात नाही.

शेडमागे विटांची भट्टी रचलेली. आत आमची भांडी एकावर एक, मधे खापरांचे तुकडे. अध्यक्षीणबाईंनी भट्टीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. मी त्या नजरेला नजर दिली.

आधी नुसती धुरी द्यायची होती. मातीतलं उरलंसुरलं पाणी सावकाश निघू द्यायचं, नाहीतर भांडी आतल्या आत फुटतात. बाई मला सारख्या अडवत होत्या. "एवढं मोठं लाकूड नको. बारीक घाल. थांब." थांब हा शब्द मी जन्मात जितक्यांदा ऐकला नसेल तितक्यांदा त्या दिवशी ऐकला. ऊन चढलं तशा बायका पांगल्या. मावशीला धुराने खोकल्याची उबळ आली, ती घरी गेली. आई सावलीत बसून सगळ्यांना पाणी देत होती. मी मात्र भट्टीच्या तोंडाशी. पोटात कळा येत होत्या, भुवया होरपळल्या होत्या, आणि तरी मला वाटत होतं की आता मला कुणी उठवू नये. दुपारनंतर बाईंनी विटांमधली फट दाखवली. आतली भांडी निखाऱ्यासारखी लाल दिसत होती. "आता घाल हवं तेवढं," त्या म्हणाल्या. दिवेलागणीच्या आधी आम्ही भट्टीचं तोंड मातीने लिंपून टाकलं.

मग भट्टी निवायची वाट बघणं. ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. भांडी आदळत होते, आईशी उगाच भांडत होते. मनात एकच, एखादं भांडं तडकलेलं निघालं तर? माझा त्या सावलीबिवलीवर विश्वास नव्हता, पण विश्वास नसला म्हणून भीती जाते असं थोडंच आहे.

भट्टी उघडली तेव्हा सगळ्या जमल्या होत्या. बाई एकेक भांडं बाहेर काढून टिचकी मारायच्या, आणि ते खणकन वाजायचं. एखाददुसरी पणती चिरली होती, बाकी सगळं सुरेख. आईची कुंडी तर अशी निघाली, की बाईंनी ती दोनदा फिरवून पाहिली. बायका आपापलं भांडं छातीशी धरून उभ्या राहिल्या. अध्यक्षीणबाईंच्या हातात त्यांचं निरांजन होतं.

"पाळलं की असं होतं," त्या म्हणाल्या. "आता कॅम्पातल्या जागेचं. मी विचार केलाय. तिथे दर आठवड्याला भट्टी लागणार. तरुण मुलगी पाठवली तर महिन्यातले चार दिवस ती घरी बसणार, आणि नाही बसली तर भट्टीचा सत्यानाश. तेव्हा जिचं सगळं उरकलंय अशीच बाई हवी." आणि त्यांनी मावशीचं नाव घेतलं.

मावशी दचकून म्हणाली, "मला कशाला गं बाई, मला धूर सोसत नाही." अध्यक्षीणबाई म्हणाल्या, सवय होईल. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. त्यांच्या हातात काही नव्हतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलं. पण गप्प राहून मी घरी गेले असते ना, तर त्या माजघरात माझं डोकंच फिरलं असतं.

"या भट्टीला सकाळपासून लाकूड मी घातलंय," मी म्हटलं, "आणि त्या दिवशी मी बाहेरची होते. हातच्या काकणाला आरसा कशाला? तुमचं निरांजन बघा ना."

मग वकिलांच्या बायकांनी आपली भांडी हळूच जमिनीवर ठेवली. अध्यक्षीणबाईंचं निरांजन हातातच राहिलं, ठेवावं की धरावं त्यांना कळेना. मिठागरवाली सून तेवढी आपला माठ कडेवर घेऊन तशीच उभी होती. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. मी आईकडे बघायचं टाळत होते.

अध्यक्षीणबाई तिच्याकडेच वळल्या. "वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं?"

आईला माहीत नव्हतं. याची मी कुठेही शपथ घेईन. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या आठवणीत ती कधी खोटं बोललेली नाही. दूधवाल्याला वडील घरात नाहीत असं खोटं सांगायचीसुद्धा तिला चोरी. तिने कुंडी खाली ठेवली नाही. ती म्हणाली, "हो. मीच म्हटलं, जा."

अध्यक्षीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. जिच्या सोवळ्याचे दाखले त्या स्वतः सुनांना द्यायच्या, ती बाई हे बोलत होती. मला नुसतंच झाडून काढलं असतं त्यांनी, पण आईला झाडायची त्यांची छाती नव्हती. शेवटी म्हणाल्या, "तुम्हीच पाठवलंत म्हणता, तर मी कोण अडवणार? जाऊ दे तिला कॅम्पात. पण इथे गोमूत्र शिंपडून घ्या." आणि आंघोळ करायला निघून गेल्या. निरांजन बरोबर नेलं.

बाई मला एवढंच म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर ये."

घरी येताना आई कुंडी घेऊन माझ्या पुढे चालत होती. मागच्या दाराशी आल्यावर म्हणाली, "मला खोटं बोलायला लावलंस." तिचा आवाज थरथरत होता आणि तो रागाने, मायेने नव्हे. मी काहीतरी बोलायला गेले. "गप्प बस," ती म्हणाली. "यापुढे तुझं तू बघ. मला सांगू नकोस, मी विचारणार नाही." तिने शब्द पाळला. मी लग्न होईपर्यंत शहाडला गेले, सणावाराला गेले, सगळ्या दिवसांत गेले. तिने कधी विचारलं नाही. माझा डबा मात्र रोज दाराशी भरलेला असायचा.

तिची पाळी आली की सकाळी लवकर उठून मीच स्वयंपाक करून जायची. एकदा अशीच घाईत तिचं ताट वाढून कोपऱ्याशी सरकवलं. ती घोंगडीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती. मला एकदम तिचा संताप आला, तिचा की त्या कोपऱ्याचा कोण जाणे. म्हटलं, "आई, माझं सोडलंस, मग तुझंही सोड ना आता. तू कशाला बसतेस इथे?"

तिने ताट पुढे ओढलं, भात कालवला.

"मला कुठे जायचंय?" ती म्हणाली.