वासराचं दूध

तलासरीजवळच्या पाड्यावर हिरूच्या दारात गाय आहे, पण हिरूनं तिची धार कधी काढली नाही. दूध वासराचं, ही पाड्याची रीत. घरात चहा कोराच होतो. चिकूच्या वाडीत मजुरी करून हिरूनं लेक वाढवली, ती भात, नागली आणि सुक्या बोंबलावर. पोर ठणठणीत.

आणि या पोरीला, किंजलला, आश्रमशाळेच्या अधीक्षकानं दुधाच्या भर रांगेत खोटारडी म्हटलं. कशासाठी? तर पेलाभर दूध प्यायलं की तिच्या पोटात कळा येतात, जुलाब होतात, म्हणून. "तुम्हा लोकांना चांगलं पचतच नाही," असं ऐकवून, नाटकं थांबेपर्यंत पोरीला घरी ने, असा हुकूम त्यानं हिरूला शाळेत बोलावून सोडला. हिरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी पोर खोटा नाय बोलत," एवढंच ती म्हणाली आणि पोरीला घेऊन तडक दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. अन्नाचे तुकडे करायला पोटात विकरं असतात, पण प्रत्येकाचं काम ठरलेलं. विकराच्या खाचेत जे नेमकं बसतं, तेवढंच ते तोडतं, सोडतं आणि पुढचं धरतं. भाताचं विकर दुधातल्या साखरेला हात लावत नाही. त्या साखरेचं विकर वेगळं. तान्ह्या बाळाकडे ते भरपूर असतं, मोठेपणी पुष्कळांचं कमी होतं. मग न तुटलेली साखर आतड्यात पुढे जाते, तिथले जंतू ती आंबवतात, पोट फुगतं, जुलाब लागतात. "हा आजार नाही, हिरूताई. जगात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचं असंच असतं."

हिरूला बरं वाटायला हवं होतं. तिचा राग उलट वाढला. म्हणजे दूध वासराला ठेवणारे अडाणी, आणि कण्हणाऱ्या पोरीच्या तोंडाला पेला लावणारा शहाणा?

हिरू पोरीला घेऊन शाळेत परतली, तोवर डॉक्टरीणबाईंनी तिथे फोन केला होता. "बरं, उद्यापासून तिला दुधाऐवजी अंडं देऊ," अधीक्षक खुर्चीतूनच म्हणाला. "झालं समाधान?"

"नाय झाला, सर. खोटारडी रांगेत बोलला. आता खरी पण रांगेतच बोला."

तो हसला. हिरू दारातच बसली, ती उठेना. दुधाच्या वेळी रांग लागली, तेव्हा तो पुटपुटला, "किंजल खरं बोलत होती."

"मागं ऐकू नाय गेला," हिरू म्हणाली.

त्याला पुन्हा बोलावं लागलं. मग हिरूनं पेले धरून उभ्या असलेल्या पोरांना विचारलं, "अजून कोणाचा पोट दुखते?"

पोरं अधीक्षकाकडे बघत राहिली. एक हात वर गेला, मग दुसरा. बघता बघता अर्ध्या रांगेनं पेले खाली ठेवले.